यादीतला तिसरा नंबर

सकाळी सव्वानऊ वाजता धाकट्याच्या खिशातला फोन थरथरला, आणि फोनवर आलेला निरोप त्याने स्वतःच लिहिलेला होता. अकरा वर्षांपूर्वी. 'आपली भेट : धाकटे डॉक्टर. उद्या सकाळी दहा वाजता, खोली क्रमांक चार. येताना जुनी कागदपत्रे सोबत आणावीत. येणार असल्यास १, नसल्यास २ पाठवावे.' तो नोकरी करायचा त्या रुग्णालयात धाकटे डॉक्टर नावाचं कुणी नव्हतं, कधी नव्हतंच. धाकटा म्हणजे तोच. घरात सगळ्यांत लहान म्हणून पडलेलं हे नाव तो चोपन्न वर्षांचा झाला, केस पिकले, दोन चष्मे झाले तरी सुटलं नव्हतं; आणि डॉक्टर म्हणाल तर तो फक्त यंत्रांचा. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत बसून तो सर्व्हर सांभाळायचा, आणि एकवीस वर्षांत रुग्णांना गेलेला प्रत्येक निरोप त्याच्या हाताखालून गेला होता. त्यामुळे निरोप वाचून त्याला आधी हसूच आलं, जुन्या पँटच्या खिशात आपल्याच अक्षरातली चिठ्ठी सापडावी तसं. हसू अजून ओठांवर होतं तेवढ्यात त्याने निरोप पुन्हा वाचला. हा चाचणीचा निरोप होता, आणि चाचणीच्या यादीत तीन नंबर होते. पहिला त्याचा. दुसरा बायकोचा. तिसरा दादाचा. आणि दादाशी, आपल्या सख्ख्या थोरल्या भावाशी, तो नऊ वर्षं एक शब्द बोलला नव्हता.

झालं काय, हे कळायला त्याला चार मिनिटं लागली आणि स्वतःशी कबूल करायला अर्धा तास. निरोप पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला सगळा विभाग 'निरोप्या' म्हणायचा. निरोप्याला स्वतःचं असं काहीच येत नसे. सुरू झाला की तो एक फोल्डर उघडे, त्यातल्या कॉन्फिगरेशनच्या, म्हणजे काय जोडायचं ते सांगणाऱ्या, फायली एकेक करून वाचे, आणि फायलीत ज्या मॉड्यूलचं नाव असेल ते उचलून स्वतःला जोडून घेई. एक मॉड्यूल भेटीची वेळ कळवणारं, एक लसीची आठवण करणारं, एक रक्ताचा अहवाल तयार आहे म्हणून सांगणारं. हवं ते जोडा, नको ते काढा, निरोप्याला बंदही करावं लागत नसे. कालपर्यंत कोणत्या फायली वाचायच्या याची एक ठरलेली यादी असे. आज सकाळी आठ वाजता बसवलेल्या नव्या आवृत्तीत यादीची कटकटच उरली नव्हती. फोल्डरमध्ये ज्या फायलीच्या नावाचा शेवट 'कॉन्फ' ती आपली, असं मानून निरोप्या सगळ्या वाचून काढणार होता. सोय झाली म्हणून सगळे खूश होते, धाकटा सगळ्यांत जास्त. पण धाकट्याची एक सवय होती. कुठल्याही फायलीला हात लावण्याआधी तो तिची प्रत काढून ठेवायचा, आणि दुसरे लोक अशा प्रतीच्या नावाच्या शेवटी 'जुनी' लिहीत तर तो सुरुवातीला लिहायचा. का, तर यादीत सगळ्या जुन्या एका रांगेत उभ्या राहिलेल्या दिसाव्यात. दिसायला फार छान दिसत. दुसऱ्यांच्या जुन्या फायलींचा शेवट बदललेला असल्यामुळे निरोप्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, धाकट्याच्या चौदाच्या चौदा मात्र शेवट शाबूत ठेवून ऐटीत आत शिरल्या. त्यातल्या तेरा फायलींची मॉड्यूलं काळाच्या ओघात गेली होती. तिथे निरोप्याने 'सापडलं नाही' एवढीच नोंद केली आणि पुढे गेला. चौदाव्या फायलीचं मॉड्यूल तेवढं जागेवर होतं, कारण ते पुसून टाकायला धाकट्याचा हात कधी धजला नव्हता.

बायकोचा फोन आला तेव्हा तो पडद्याकडे बघत होता. "अहो, मला उद्या दहा वाजता धाकट्या डॉक्टरांनी बोलावलंय," ती म्हणाली. "काय झालंय मला? निदान घरी सांगायचं तरी." ती हसत होती, तिचं हसू फोनमधूनही समोर बसल्यासारखं ऐकू येई. त्याने चूक सांगितली. ती हसायची थांबली. "म्हणजे भाऊजींनाही गेला?" "गेला." मग ती म्हणाली, "वहिनींना फोन करून सांगू का, चुकून गेलाय म्हणून?" तो घाईघाईने "नको" म्हणाला, आणि आपण इतक्या घाईने का बोललो याचं त्यालाच नवल वाटलं. "म्हणजे थांब जरा. बघतो मी." "बघा," ती म्हणाली. "मी आज वहिनींचा फोनच उचलत नाही. माझ्या तोंडून काही निघायला नको. काय ते तुमचं तुम्ही निस्तरा." हे तिने मोठंच दान दिलं होतं, कारण नऊ वर्षांत भाऊ बोलत नव्हते तरी जावाजावांचा फोन एक दिवसाआड ठरलेला. दादाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, दादाची शाळेतून निवृत्ती, दादाने सोडलेली साखर आणि पुन्हा धरलेली साखर, सगळं धाकट्याला जेवताना कळत असे. तो 'हं' म्हणायचा आणि ताटातलं शोधल्यासारखं करायचा. तिकडे आपल्या बातमीवर दादाही तसंच 'हं' म्हणत असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

दादा भूगोलाचा मास्तर. साधं 'हो' म्हणायचं तरी त्याला नकाशा लागायचा, आणि नेमकं याच गुणामुळे अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने त्याला चाचणीच्या यादीत घातलं होतं. एक किंवा दोन पाठवा म्हटल्यावर जगातली सगळी शहाणी माणसं एक किंवा दोन पाठवतात; त्यांच्यावर मॉड्यूल तपासून उपयोग काय? दादाने पहिल्याच दिवशी उत्तर पाठवलं, 'येणार आहे, मात्र वारा नैर्ऋत्येकडून असल्यास नाही,' आणि मॉड्यूल आडवं झालं. दुसऱ्या दिवशी त्याने अक्षरात 'एक' लिहून पाठवलं. तिसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी नुसतं प्रश्नचिन्ह. पाचव्या दिवशी अख्खा परिच्छेद, त्यात डॉक्टरांना आधी स्वतःचं पोट कमी करण्याचा सल्ला. प्रत्येक वेळी तासाभराने त्याचा फोन येई. "कोसळलं का रे?" "कोसळलं." "मग कर दुरुस्त. मी तोवर चहा घेतो." दोन महिने हे चाललं होतं. दोन महिन्यांनी मॉड्यूल असं पक्कं झालं, की कुणी काहीही पाठवलं तरी ते शांतपणे म्हणे, 'कृपया १ किंवा २ पाठवावे.' त्या प्रोग्रॅममधली प्रत्येक दुसरी ओळ दादाच्या कुठल्यातरी खोडीसाठी लिहिलेली होती. पुढे नवं मॉड्यूल आलं, हे निवृत्त झालं, आणि ते पुसायची वेळ आली तेव्हा धाकट्याचं बोट कळीवर थांबलं. तेव्हा भांडण होऊन वर्ष झालं होतं. त्याला दादाचा राग आलेला होता, चांगला सणसणीत आलेला होता, आणि तरी त्याने ते पुसलं नाही. आठवण म्हणून ठेवलं असं तो कुणाला म्हणाला नसता. जागा खात नाही, असू दे, असं म्हणाला असता.

भांडण तरी कशावरून, तर खोक्यांवरून. आई गेल्यानंतर महिन्याभराने दोघं भाऊ तिची खोली आवरायला गेले. आईने चाळीस वर्षांत काही म्हणून टाकलेलं नव्हतं. औषधांच्या धुतलेल्या बाटल्या, वर्तमानपत्रांतली कात्रणं, वडिलांचे सगळे चष्मे, निरनिराळ्या कुलपांच्या किल्ल्या. धाकट्याला तो सगळा पसारा पाहून भरून आलं. हे सगळं नीट भरून न्यायचं म्हणून तो खोकी आणायला गेला. बाजारात हिंडून, दुकानदारांना गळ घालून, बारा मजबूत खोकी जमवून दोन तासांनी परत आला, तर खोली रिकामी. झाडूनसुद्धा घेतलेली. दादाने भंगारवाल्याला बोलावून सगळं देऊन टाकलं होतं आणि तो खिडकीत उभा राहून हात पुसत होता. दुमडलेली बारा खोकी छातीशी धरून धाकटा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "तू माणूस नाहीस, दादा. कात्री आहेस." दादा वळला. त्याचे डोळे लाल झालेले होते. हे धाकट्याने तेव्हा पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावायला त्याने पुढे कित्येक वर्षं घेतली. "आणि तू माळा आहेस," दादा म्हणाला. "नुसता माळा. जे येईल ते वर टाकायचं आणि शिडी काढून घ्यायची." एवढंच. यापेक्षा मोठी भांडणं लहानपणी त्यांनी दिवसाला दोन केली होती. पण लहानपणी जेवायला शेजारीशेजारी बसावं लागे, आता दोघांची घरं वेगळी होती, आणि अबोला एकदा पडला की रोज त्याला पाणी घालावं लागत नाही. तो आपला आपण वाढतो. नऊ वर्षं वाढला. गंमत म्हणजे आता आठवताना धाकट्याला त्या दोन्ही शिव्या अगदी बरोबर वाटत होत्या, आणि माळा म्हटल्याचा तर काहीसा अभिमानही वाटत होता.

साडेदहाला तो विभागप्रमुख बाईंकडे गेला. बाई शांत होत्या. फक्त नाकावरच्या चष्म्यावरून बघत. त्यांनी चौदा फायलींची हकीकत ऐकून घेतली, 'जुनी' सुरुवातीला लिहिण्यामागचं कारण ऐकून घेतलं, आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला. "रुग्णांना काही गेलं?" "एकही नाही. चाचणीची खूण चालू होती, त्यामुळे फक्त तीन नंबरांना." "ते कुणाचे?" "घरचेच." बाईंनी कपाटातून फॉर्म काढला. चुकीचा निरोप गेला तर त्याच दिवशी पाचच्या आत 'भेट रद्द' असा दुसरा निरोप पाठवायचा, हा नियम होता, आणि नियम धाकट्यानेच अकरा वर्षांपूर्वी लिहिलेला होता. "पाचच्या आत तिन्ही रद्द करा आणि मला सांगा," बाई म्हणाल्या. "आणि ते जुनं मॉड्यूल आधी खाली उतरवा."

उतरवायला एक ओळ पुरत होती. ती ओळ त्याने लिहिली, आणि लिहून बघत बसला. मॉड्यूल उतरवलं की ते निरोप पाठवणार नाही, हे ठीक. पण दादाने उत्तर दिलं, तर ते घ्यायलाही कुणी नसेल. नव्या मॉड्यूलला दादाचा नंबर ओळखीचा नव्हता; ते उत्तर 'अनोळखी' म्हणून टाकून देणार. नऊ वर्षांनी दादा काही बोलणार, आणि ऐकायला दारात कुणीच नाही, असं त्याच्या डोळ्यांसमोर आलं. मग त्याने ती ओळ पुसली. जुन्या फायलीत दोनच शब्द बदलले, पाठवणं बंद, घेणं चालू, आणि मॉड्यूल तेवढं पुन्हा वाचायला निरोप्याला सांगितलं. निरोप्याने हूं की चूं न करता ते केलं. बाकी तेरा फायली त्याने मुकाट्याने दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या. पुसल्या नाहीत, एवढीही घाई नव्हती. मग तो लॉगसमोर बसला. निरोप्याच्या दैनंदिनीत ओळीमागून ओळ येत होती, अमुक रुग्णाला वेळ कळवली, तमुक रुग्णाने १ पाठवला, आणि हा माणूस एकवीस वर्षांत प्रथमच ती अशी वाचत होता की जणू त्यातली एखादी ओळ त्याच्यासाठीच असेल. आता दादाला काय वाटत असेल? 'धाकटे डॉक्टर' वाचताक्षणी त्याने निरोप ओळखला असणार. घाबरायचं कारण नाही. पण दादाला वाटणार, धाकटा वाकला. आपण न वाकता वाकल्यासारखे दिसतो आहोत, हे धाकट्याला प्रथम झोंबलं. मग त्याने विचार केला, समजा खरंच वाकलो असतो तर? कंबरेला काही झालं असतं का? आणि खोलीत एकटाच तो खुदकन हसला. ते हसू बाहेर ऐकू गेलं की काय म्हणून त्याने उगाच खोकून घेतलं.

बारा वाजले, साडेबारा वाजले. डबा त्याने पडद्यासमोरच खाल्ला, आणि काय खाल्लं ते डबा धुतानाही आठवलं नाही. उत्तर येणारच असेल तर ते कसं असेल याचे मसुदे तो मनात तयार करत होता. 'डॉक्टरांनी गेली नऊ वर्षं दवाखाना बंद ठेवल्याचे समजते.' किंवा, 'येतो, पण अक्षांश-रेखांश कळवावेत.' किंवा भूगोलातलाच एखादा खोचक टोला, नदीने पात्र बदलल्याचा वगैरे. मॉड्यूल कोसळणार नाही याची खात्री होती, तरी त्याला आतून वाटत होतं की कोसळावं. एकदा कोसळलं की फोन येईल, आणि फोनवर तोच प्रश्न असेल. एक वाजून दहा मिनिटांनी ओळ आली. तिसरा नंबर. उत्तर : १. बस. पुढे टिंबसुद्धा नाही. धाकटा खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला. ज्या माणसाने आयुष्यात एका आकड्यात कधी उत्तर दिलं नाही, त्याने सांगितल्याप्रमाणे निमूटपणे एक पाठवला होता. एखाद्या आज्ञाधारक रुग्णासारखा. ते पाहून धाकट्याला जे झालं त्याला आनंद म्हणायचं की आणखी काही हे ठरवायच्या आधीच त्याचे डोळे पाणावले, आणि तो चष्मा पुसत बसला, दोन्ही चष्मे, एकानंतर एक.

पाचला दहा कमी असताना त्याने स्वतःचा नंबर रद्द केला. मग बायकोचा. लगेच तिचा निरोप आला, 'वाचले बाई.' तिसऱ्या नंबरापुढे 'भेट रद्द' हे शब्द तयार होते आणि फक्त पाठवायचं होतं. पाठवलं, तर उद्या सगळं होतं तसं. दादा 'हं' म्हणेल, ताटात बघेल. न पाठवावं, तर उद्या दहा वाजता एक चूक दोन पायांवर चालत येईल आणि विचारेल, बोल. काय बोलायचं? खोक्यांचं बोलायचं? डोळे लाल होते हे पाहिलं होतं, असं सांगायचं? त्याला भीती वाटत होती. साठी उलटलेल्या आपल्याच भावाची, ज्याच्या पाठीवर बसून तो नदी ओलांडायला शिकला त्या माणसाची, त्याला चक्क भीती वाटत होती. घड्याळात पाच झाले. त्याने हात मांडीवर ठेवले आणि तसेच ठेवून दिले. मग उठून बाईंकडे गेला. "दोन रद्द केले," तो म्हणाला. "आणि तिसरा?" "तिसरे येणार आहेत." "कुणाकडे?" "माझ्याकडे." बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फॉर्मवर तिसऱ्या नंबरासमोर 'निरोप योग्य' असं लिहिलं आणि सही केली.

अकरा वर्षांपूर्वी खोली क्रमांक चार रिकामी होती, म्हणून तर त्याने चाचणीसाठी तिचा नंबर घेतला होता. आता तिथे लहान मुलांचे दात तपासत. हे त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाच कमी असताना, जिना उतरता उतरता आठवलं, आणि तो दोन-दोन पायऱ्या उतरू लागला. बाहेरच्या ओळीत सगळ्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या, पिवळ्या. त्यातल्या एकीवर, गुडघे छातीशी घेऊन, दादा बसला होता. अंगाने उतरला होता. कान तेवढे आधीइतकेच मोठे. शेजारी एक मुलगी तोंड उघडून त्याला हलणारा दात दाखवत होती आणि तो मास्तराच्या गांभीर्याने बघत होता. धाकटा समोर जाऊन उभा राहिला. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं जिन्यातच राहिली होती.

"जुने कागद आणायला सांगितले होते," दादा वर बघत म्हणाला. "माझ्याकडे नसतात. तुला माहितीये."

"चालेल."

"गुडघा वाकत नाही आणि तू मला असल्या खुर्चीवर बसवतोस."

"वहिनी म्हणाल्या होत्या, आता बरा आहे म्हणून."

"तुझ्यापर्यंत सगळं पोचतं वाटतं." दादा थोडा वेळ त्या मुलीच्या दाताकडे बघत राहिला. मग मान न वळवता त्याने विचारलं, "मला एक सांग. खरं सांग. तू बोलावलंस, का तुझ्या त्या यंत्राने?"

खोटं बोलणं सोपं होतं. 'मीच' म्हटलं असतं तर दादा सुखावला असता आणि विषय मिटला असता. धाकट्याने शेजारची पिवळी खुर्ची ओढली आणि तीत स्वतःला कसंबसं कोंबलं.

"यंत्राने," तो म्हणाला. "माझीच चूक. एका जुन्या फायलीचं नाव चुकीचं ठेवलं होतं. पण दादा, तो निरोप रद्द करायला मला सव्वानऊपासून पाचपर्यंत वेळ होता. मी नाही केला."

दादाने खिशातून रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमालाची नीट घडी घातली. "सव्वानऊपासून," तो म्हणाला. "मला तो एक आकडा पाठवायला चार तास लागले. पहिल्या तासात दोनच पाठवणार होतो. बोट होतं त्याच्यावर. मग मनात आलं, दोन पाठवला तर तुझं ते मॉड्यूल काय करेल? कोसळणार नाही. आपण ते चांगलं पक्कं करून ठेवलंय. मुकाट्याने लिहून घेईल, येणार नाही म्हणून, आणि संपलं. ते मला सोसेना."

"आणि नेहमीसारखं लांबलचक काही लिहिलं नाहीस? मी वाट बघत होतो."

"लिहिलं होतं. तीन वेळा. भीती वाटली, 'कृपया १ किंवा २ पाठवावे' असं येईल म्हणून."

धाकट्याला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याने दादाच्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर हात ठेवला; दादाने तो तिथे राहू दिला. खोलीचं दार उघडलं. परिचारिकेने बाहेर डोकावून पाहिलं, हातातल्या कागदावर पाहिलं, मग पिवळ्या खुर्च्यांत अडकलेल्या त्या दोन पिकल्या केसांच्या माणसांकडे पाहिलं.

"तुमच्यापैकी पेशंट कोण?" तिने विचारलं.

दोघांनीही एकाच वेळी एकमेकांकडे बोट दाखवलं. तिला काहीच उमगलं नाही. तिने हलणाऱ्या दाताच्या मुलीला आत घेतलं आणि या दोघांना म्हणाली, तुम्ही बसा जरा, वेळ लागेल. ते बसले. साडेअकरा वाजेपर्यंत बसले होते.